परसातलं छोटं तळं आणि थंडीच्या रात्री

थंडी पडायला लागली की या सदराला येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी पाणी हिरवं का झालं, पंप किती वेळ चालवू असले प्रश्न असतात आणि आता प्रत्येक पत्रात एकच धास्ती, रात्री मासे काकडत असतील का. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्यावरचेच घेतलेत. आधी एक विनंती, लिहिताना पाण्याची खोली, साधारण किती लिटर आणि पहाटेचं तापमान एवढं लिहाच, कारण नुसतं "छोटा टब आहे" म्हटलं की तो ४० लिटरचा पण असू शकतो आणि ४०० चा पण, आणि थंडीत या दोघांचं वागणं पार वेगळं असतं. लिटर काढायला लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि १००० ने भागा. टब गोल असेल तर त्रिज्येला त्रिज्येनेच गुणा, मग ३.१४ ने, मग खोलीने आणि शेवटी तसंच १००० ने भागा.

प्रश्न : ताई, घरामागे फरशीवर २०० लिटरचा गोल टब ठेवलाय, पाणी ४० सेंमी आहे. वीसेक गप्पी आणि चार गोल्डफिश. गेल्या आठवड्यापासून सकाळी सातला बघितलं तर गप्पी तळाशी आडवे पडलेले असतात, काडी लावली तर जेमतेम हलतात आणि दुपारी बारापर्यंत परत नॉर्मल. दोन मेले पण. गोल्डफिशला काहीच झालेलं नाही. हीटर किती वॉटचा टाकू?

हीटर नको, गप्पींना आजच घरात घ्या. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

एकाच पाण्यात एक मासा आडवा पडतो आणि दुसऱ्याला काहीच होत नाही याचं कारण त्यांच्या मुळात आहे. गप्पी दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडच्या गरम पाण्यातला मासा, त्याला २२ ते २८ अंश हवेत. पाणी १८ च्या खाली गेलं की तो मंदावतो, पर अंगाला चिकटवून बसतो आणि १५ च्या आसपास त्याचं अंगच चालेनासं होतं. माशाच्या शरीरात स्वतःची ऊब नसते, पाणी जेवढं तेवढंच त्याचं रक्त, त्यामुळे पाणी थंड झालं की त्याचं पचन, श्वास, प्रतिकारशक्ती सगळंच हळू होतं. गोल्डफिश मात्र कार्प जातीचा, पूर्व आशियातला, जिथे हिवाळ्यात तळी गोठतात. त्याला थंडी नवीन नाही. तुमचे गप्पी दुपारी "नॉर्मल" दिसतात खरे, पण रोज रात्री मरणाच्या दारात जाऊन रोज दुपारी परत येणं कुठलाही मासा फार दिवस सहन करत नाही. जे दोन गेले ते त्यातच गेले.

आता टबाचं सांगते, कारण खरी गोम तिथेच आहे. जमिनीत खणलेल्या तळ्याला चारी बाजूंनी मातीचं पांघरूण असतं, फरशीवर ठेवलेल्या टबाला चारी बाजूंनी हवा लागते, खालून फरशी गार आणि वरून उघडं आकाश. माझ्याकडे पूर्वी ८० लिटरचा एक टब होता, एका थंडीत मी रोज दोनदा थर्मामीटर बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडे लिहायचे, त्यातला एक दिवस अजून लक्षात आहे, दुपारी तीनला २१ आणि पहाटे सहाला १२. पंधरा तासांत ९ अंश! माशाला १२ अंशांपेक्षा ही घसरण जास्त छळते. तळ्यात तीच थंडी दोन महिन्यांत हळूहळू उतरते आणि मासा तिच्याबरोबर उतरत जातो, पण टबात ती रोज एका रात्रीत येते. म्हणून छोट्या टबासाठी माझं म्हणणं कायम एकच असतं, पाणी गरम करायच्या मागे लागू नका, चढ-उतार कमी करायच्या मागे लागा.

हीटर नको म्हणते ते यासाठीच. २०० लिटर पाणी फक्त १ अंशाने चढवायला साधारण पाव युनिट वीज लागते, आणि ती ऊब उघड्या टबातून लगेच वर निघून जाते, म्हणजे हीटर रात्रभर आकाश तापवत बसणार. पण बिलापेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. हीटरवर २४ अंशांत ठेवलेला टब आणि पहाटे तीनला लाइट गेली, तर सकाळपर्यंत पाणी धाडकन खाली येतं आणि ज्या माशांनी थंडी बघितलेलीच नाही त्यांच्या अंगावर ती एकदम कोसळते. शिवाय उघड्यावर पाणी आणि वीज एकत्र, तिथे अर्थ लीकेज ब्रेकर (वीज गळाली की लगेच बंद करणारं बटण) नसेल तर तुमच्यासाठीही ते धोक्याचं आहे.

गप्पी आत आणायचे ते दुपारी तीनच्या सुमाराला, टबातलं पाणी सगळ्यात कोमट असतं तेव्हा. घरातल्या टाकीत नवीन पाणी भरू नका, टबातलंच पाणी न्या, वीसेक गप्पींना ५० लिटर पुरे, मासे त्यात सोडा आणि ते पाणी खोलीच्या हवेने आपोआप चढू द्या, दिवसभर लागला तरी लागू दे. मासे थंड दिसतात म्हणून वरून तांब्याभर गरम पाणी ओतायचं मोठ्ठं पाप लोक माया म्हणून करतात, ते करू नका. पाणी एकदा खोलीइतकं झालं आणि तरी २२ च्या खाली राहत असेल तर छोटा थर्मोस्टॅटवाला हीटर लावा, दिवसाला एकदोन अंश एवढ्याच वेगाने चढवा, घरात बंद टाकीला तो चालतो. टबाच्या फिल्टरमधल्या जुन्या स्पंजचा एक तुकडा आतल्या फिल्टरमध्ये घाला, त्यात अमोनिया खाणारे बॅक्टेरिया बसलेले असतात, नाहीतर नवीन टाकीत चार दिवसांत पाणी बिघडतं. आणि जमलं तर नर-मादी वेगळे ठेवा, गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं देते, थंडी संपेपर्यंत ५० लिटरमध्ये जत्रा भरेल.

गोल्डफिश बाहेर राहू देत. टब उन्हाच्या भिंतीला सरकवा, खाली थर्माकोलची जाड शीट, बाजूने थर्माकोल किंवा बबल रॅप गुंडाळा, रात्री वरून तीन चतुर्थांश झाकण आणि सकाळी काढायचं. पूर्ण बंद मात्र नको, हवा खेळती पाहिजे. फक्त तुमचे गोल्डफिश ओरांडा किंवा र्‍युकिन अशा गोल पोटाच्या जातीचे असतील तर पहाटेचं पाणी १० च्या जवळ आलं की त्यांनाही आत घ्या, त्यांची आतडी आणि हवेची पिशवी त्या आखूड अंगात दाटीने बसलेली असते आणि थंडीत ते उलटे तरंगायला लागतात. आणि हेही सांगते, साधा गोल्डफिश वितीपेक्षा मोठा होतो, चार जण २०० लिटरमध्ये पुढच्या वर्षी मावणार नाहीत.

प्रश्न : दुपारी ऊन पडलं की मासे वर येतात आणि तोंड उघडून मागतात. थंडीत खायला देऊ नका असं ऐकलंय पण बघवत नाही. दोन महिने उपाशी कसं ठेवायचं?

बघवत नाही हे अगदी कळतं मला. पण गोल्डफिश तुमची सावली पडली की मागणारच, भूक असो नसो, तो त्याचा स्वभाव आहे. तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघू नका, थर्मामीटरकडे बघा. १५ च्या वर पाणी असेल तर नेहमीसारखं द्या. १० ते १५ च्या मध्ये असेल तर दोनतीन दिवसांतून एकदा, चिमूटभर, पचायला हलकं, गव्हांकुराचं खाणं मिळतं ते चांगलं. १० च्या खाली गेलं की बंद, पूर्ण बंद. आणि आकडा पहाटेचा धरायचा, दुपारचा नाही, कारण दुपारी २ ला १४ अंशांत खाल्लेलं त्याला रात्री ८ अंशांत पचवायचंय आणि तिथे पचनच थांबलेलं असतं.

हे मी चुकून शिकलेय. पहिल्या थंडीत अशाच एका उबदार दुपारी मी मूठभर दाणे टाकले, त्यांनी खाल्ले आणि मला बरं वाटलं. पुढचे तीन दिवस ढगाळ आणि गार गेले. चौथ्या दिवशी एक मासा कोपऱ्यात पोट फुगवून तिरका झालेला, आणि तळाशी न खाल्लेले दाणे, प्रत्येकावर कापसासारखी पांढरी बुरशी. तो मासा वाचला नाही. पोटात सडतं ते एक आणि पाण्यात सडतं ते दुसरं, कारण फिल्टरमधले बॅक्टेरियाही १० अंशांच्या खाली खूप मंदावतात, सडलेल्यातून निघणारा अमोनिया खायला कोणी नसतं.

उपाशी ठेवणं म्हणून त्याकडे बघू नका. थंडीआधी नीट खाल्लेल्या माशाच्या अंगात चरबी साठलेली असते, ५-६ अंशांत त्याचा खर्च इतका कमी होतो की ती त्याला महिनोन्‌महिने पुरते, शिवाय भिंतीवरचं शेवाळ तो अधूनमधून टोचत असतोच. खरं काम थंडीच्या आधीचे पाचसहा आठवडे असतं, तेव्हा चांगलं खायला घाला.

प्रश्न : आमच्याकडे पाणी गोठतं. सकाळी वर दोन बोटं बर्फ असतो. आमचे बाबा हातोडीने फोडतात, आई म्हणते मासे घाबरतात. कोणाचं बरोबर?

आईंचं बरोबर आहे, आणि नुसतं घाबरण्यापुरतं नाही. पाण्यात धक्का फार जोरात पोचतो, हातोडीचा ठोका थेट माशाच्या हवेच्या पिशवीवर बसतो आणि थंडीत निपचित बसलेला मासा पळूही शकत नाही. त्याऐवजी स्टीलच्या पातेल्यात गरम पाणी घ्या आणि ते पातेलं बर्फावर नुसतं ठेवून द्या, धरून ठेवा नाहीतर आत बुडेल. दहा मिनिटांत त्याच्या आकाराचं गोल भोक पडतं. गरम पाणी तळ्यात ओतायचं नाही, हे परत सांगते. आदल्या रात्री पाण्यावर एखादा चेंडू तरंगत ठेवला तर सकाळी तो काढला की भोक तयार, बर्फ पातळ असेल तेव्हा हे छान चालतं.

भोक कशाला पाहिजे ते बाबांना सांगा, म्हणजे हातोडी आपोआप बाजूला जाईल. बर्फाखाली मासे थंडीने सहसा मरत नाहीत. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून तेवढं गार झालेलं पाणी तळाशी बसतं, त्याहून गार झालेलं हलकं होऊन वर येतं आणि वरच गोठतं, म्हणूनच तळं खालून वर न गोठता वरून खाली गोठतं आणि मासे तळाशी त्या ४ अंशांत निवांत बसतात. मरतात ते गुदमरून. बर्फाचं झाकण बसलं की तळातला पालापाचोळा सडून निघणारे वायू बाहेर पडत नाहीत आणि ऑक्सिजन आत येत नाही. थंड पाण्यात ऑक्सिजन तसा भरपूर मावतो, ३० अंशांना लिटरला साडेसात मिलिग्रॅम तर ० ला साडेचौदा, जवळजवळ दुप्पट, पण झाकण आठवडाभर राहिलं आणि खाली गाळ असला तर तोही संपतो.

एअर पंप असेल तर चालू ठेवा पण एअरस्टोन, म्हणजे नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड, तळाशी टाकू नका, पाण्याच्या वरच्या एक तृतीयांश भागात लटकवा. तळाशी ठेवला की बुडबुडे ते खालचं ४ अंशांचं पाणी वर आणतात, वरचं बर्फाळ खाली जातं आणि माशांचं अंथरूणच आपण काढून घेतो. कारंजं असेल तर तेही याच कारणाने बंद. पण ही सगळी कथा खोली असेल तरच खरी, जिथे बर्फ पडतो तिथे निदान ६० सेंमी पाणी पाहिजे आणि जास्त असेल तर उत्तमच, ३० सेंमीच्या टबात "तळ" असा काही वेगळा नसतोच, तो तळापर्यंत गोठू शकतो. तसं असेल तर मासे आत घ्या.

विषय निघालाय म्हणून सांगते, गोल्डफिश आणि त्याचा जवळचा भाऊ क्रूशियन कार्प यांच्यात एक विलक्षण सोय आहे. ऑक्सिजन अजिबात मिळाला नाही तर आपल्यासारख्यांच्या शरीरात लॅक्टिक ॲसिड साठत जातं आणि ते जीवघेणं ठरतं, हे मासे त्याचं अल्कोहोल करतात आणि कल्ल्यांमधून बाहेर सोडून देतात. बर्फाखाली क्रूशियन कार्प असे कित्येक आठवडे काढतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस मी भेटेल त्याला सांगत होते. पण म्हणून भोक पाडायचं सोडू नका, बाकीच्या छोट्या माशांकडे ही सोय नाही.

प्रश्न : पाण्यात मीठ टाकलं तर गोठत नाही ना? किती टाकू?

टाकू नका. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ असतं आणि तरी ते उणे २ च्या आसपास गोठतंच. म्हणजे १०० लिटरमध्ये साडेतीन किलो मीठ घालून तुम्हाला दोन अंशसुद्धा मिळणार नाहीत आणि गोड्या पाण्यातले मासे त्याआधीच मरतील.

प्रश्न : नवीन टब करायचाय, १५० लिटरचा. गोल्डफिश नको, छोटेच मासे हवेत जे बाहेर थंडीत राहतील. आहेत का असे?

आहेत, आणि फार सुंदर आहेत, लोक उगाच गप्पीवर अडून बसतात. माझी पहिली पसंती व्हाइट क्लाउड माउंटन मिनो. जेमतेम ४ सेंमीचा, अंगावर चमकती रेघ, शेपटीला लाल ठिपका. चीनमधल्या ग्वांगझोजवळच्या बाययुन म्हणजे "पांढरा ढग" डोंगरावरच्या ओढ्यात तो सापडला, तान नावाच्या एका स्काउट मास्तरांना, आणि १९३२ मध्ये त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं गेलं ते टॅनिक्थिस अल्बोन्युबिस, "तानचा मासा, पांढऱ्या ढगाचा". डोंगरातल्या ओढ्याचा असल्यामुळे त्याला गार पाणीच मानवतं, १५ ते २२ मध्ये तो मजेत असतो आणि हळूहळू उतरत गेलं तर ५ अंशांपर्यंत तग धरतो. त्याच्या खाली मात्र आत घ्या.

दुसरा मेडाका, म्हणजे जपानचा भातखाचरातला मासा. तिकडे लोक तो अंगणातल्या मातीच्या कुंड्यांमध्ये पाळतात आणि हिवाळाभर बाहेरच ठेवतात, वर बर्फ धरला तरी पाणी तळापर्यंत गोठलं नाही तर तो पानांखाली बसून राहतो. हा मासा १९९४ मध्ये कोलंबिया यानातून अंतराळात गेला होता आणि तिथे अंडी घातली, त्यातून पिल्लंही निघाली, इतका चिवट. खरोखर बर्फाळ ठिकाणी फॅटहेड मिनो, त्याचा गुलाबी-केशरी प्रकार रोझी रेड म्हणून मिळतो, तो उत्तर अमेरिकेतला असल्यामुळे बर्फाखाली राहतो. झेब्रा डॅनिओ काटक म्हणून विकतात, पण १६-१८ च्या खाली त्याची परीक्षा घेऊ नका. बेटा, मोली, टेट्रा हे घरातलेच.

कुठलाही घेतलात तरी ८-१० चा थवा घ्या, थोडे असले की ते दिवसभर लपून बसतात, आणि मासे उन्हाळ्याच्या तोंडाशी सोडा म्हणजे पाण्याबरोबर थंडीत उतरायला त्यांना वेळ मिळतो. दुकानातल्या २५ अंशांच्या टाकीतला मिनो थंडीत आणून थेट १० अंशांत सोडला तर तोही मरतो, मग लोक म्हणतात मासाच खराब होता. एक जास्तीचं, यातला कुठलाच मासा नको झाला म्हणून ओढ्यात किंवा नदीत सोडू नका, हे इतके काटक आहेत हीच त्यातली धोक्याची गोष्ट आहे.

प्रश्न : टबात जलपर्णी आणि वॉटर लिली आहे. ठेवू की काढू? वर झाडाची पानं पण पडतात.

जलपर्णी काढा, दहिवर पडलं की ती काळी पडते आणि तिचा सगळा लगदा पाण्यात सडतो. थंडी सोसणारी लिली असेल तर पिवळी पानं देठापासून कापा आणि कुंडी सगळ्यात खोल जागी सरकवा. हॉर्नवर्ट ही पाण्याखालची वनस्पती असेल तर राहू दे, ती थंडीत तळाशी बसते, छोट्या माशांना त्यात छान आडोसा मिळतो.

झाडाच्या पानांसाठी जाळी लावा आणि पानगळ संपली की काढा. थंडीआधी एकदा हात घालून तळ चाचपा. हाताला मऊ काळा चिखल लागला आणि वर काढल्यावर कुजक्या अंड्याचा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड, आणि तो गाळ आत्ताच काढायला हवा, थोडा थोडा, एका दिवसात सगळा नाही. एकदा गारठा पडला की मग तळाला हातच लावू नका, मासे तिथे बसलेले असतात. पाणी आटलं तर भर घाला, नळाचं असेल तर क्लोरीन घालवून, आणि टबाशेजारी रात्रभर बादलीत ठेवलेलं, म्हणजे दोन्हीचं तापमान सारखं होतं.

प्रश्न : मागच्या वर्षी अख्खी थंडी मासे नीट राहिले आणि ऊन वाढायला लागल्यावर पटापट मेले. अंगावर साखरेचे दाणे लावल्यासारखे पांढरे ठिपके होते. असं का?

कारण थंडी ओसरतानाचे दिवस थंडीपेक्षा वाईट असतात. मासा महिनोन्‌महिने न खाता बसलेला, प्रतिकारशक्ती झोपलेली, आणि पाणी १० च्या वर सरकलं की रोगजंतू माशाच्या आधी जागे होतात. तुम्ही लिहिलंय तो इक, व्हाइट स्पॉट. त्याचा परजीवी माशाच्या कातडीखाली वाढतो, गळून तळाशी पडतो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि परत मासे शोधतात. २५ अंशांना हे चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होतं, १० अंशांना कित्येक आठवडे लागतात. औषध फक्त तो पाण्यात पोहत असताना लागू पडतं, कातडीखाली असताना नाही, म्हणून गार पाण्यात चार दिवस औषध टाकून थांबलात तर काही उपयोग होत नाही. पहिला ठिपका दिसला की मासे आत घ्या, दिवसाला एकदोन अंश असं पाणी चढवा (गोल्डफिश असतील तर २४ पर्यंत, मिनो २२ पर्यंत), एअर पंप जोरात ठेवा कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि ठिपके गेल्यावरही निदान आठवडाभर औषध चालू ठेवा.

यावर्षी त्या दिवसांत घाई करू नका. चार दिवस ऊन पडलं म्हणून टबाचं थर्माकोल काढू नका, खाणं १० च्या वर पाणी सलग आठवडाभर राहिलं की चिमटीनेच सुरू करा, फिल्टर धुवायचा असेल तर टबातल्याच पाण्यात पिळा. आणि ज्यांनी गप्पी आत नेलेत त्यांच्यासाठी, पहाटेचं पाणी सलग आठ-दहा दिवस २० च्या खाली गेलं नाही की मग बाहेर सोडा, तेही दुपारी, त्यांच्या टाकीत टबाचं पाणी मगा-मगाने मिसळत.